पहिली पायरी कुठे असते?
(रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात एका पाड्यावर आपली बैठक होती. बैठक संपता संपता खालच्या घाटरस्त्यावरून दोन मोटारसायकली जोरात आवाज करत गेल्या. एक बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा, चालली पोरं मरायला." शेजारी बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, टीव्हीवर तर अशी गाडी पळवणाऱ्यांना बक्षीस देतात." सगळ्या हसल्या. मग प्रश्न निघाला की गाडी पळवणं हा खेळ कसा काय? तो शिकतात कुठे? आणि आपल्याकडचं कुणी त्यात पुढे गेलंय का?

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही माहिती गोळा केली, आणि आज तीच गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातल्या, मुंबईच्या एका मुलाची आहे. त्याचं नाव जेहान दारूवाला. पण त्याच्या आधीची थोडी आणि बाजूची थोडी गोष्ट सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट नीट कळायची नाही.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. घाटात पोरं करतात तिला शर्यत म्हणत नाहीत. खरी शर्यत बंद रस्त्यावर होते. तिथे समोरून एसटी येत नाही, की आडवं गुरू येत नाही. चालवणाऱ्याच्या अंगावर आग न लागणारा पोशाख असतो, डोक्याला हेल्मेट, मानेला आधार, आणि बाजूला डॉक्टर आणि आग विझवणारी माणसं उभी असतात. एवढं असूनही त्यात माणसं दगावली आहेत. म्हणून तो खेळ लहानपणापासून, पायरीपायरीनं शिकावा लागतो.

त्यातली पहिली पायरी म्हणजे गो-कार्ट. नळ्यांचा सांगाडा, चार बारकी चाकं, मागे छोटं इंजिन, आणि बसायला जमिनीपासून चार बोटं वर एक खुर्ची. छप्पर नाही, दार नाही, गिअरही बहुतेक नसतात. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली अशी गाडी बनवली. तो शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करायचा. गंमत म्हणून केलेली ही गाडी बघता बघता जगभर गेली. आज फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारे जवळपास सगळे लहानपणी कार्टमध्ये बसलेले असतात. सात-आठ वर्षांचं पोर असल्यापासून.

एवढ्या बारक्या गाडीत शिकण्यासारखं काय असतं? तुम्ही बैलगाडी पाहिली आहे. तिची दोन चाकं आसावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, दोन्ही सारखीच फिरतात. मग वळणावर गाडी अडते. ती वळवायची तर आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचलावं लागतं. हे शरीराच्या तोलानं, स्टिअरिंगच्या झटक्यानं, ब्रेक नेमका कुठे सोडायचा या अंदाजानं साधतं. पुस्तकात वाचून येत नाही. लावणी करताना रोप किती खोल खोवायचं हे जसं बोटांना कळतं, तसंच हे अंगाला कळावं लागतं. म्हणून ते लहानपणी शिकलेलं बरं.

आता हे पोर शिकणार कुणाच्या जिवावर? आईबापाच्या. इथे आम्हाला तीन घरं सापडली, ती तुम्हाला सांगावीशी वाटतात.

पहिलं घर जर्मनीतलं. बाप गवंडी, विटांवर विटा रचणारा. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, त्यांना हे काम सांगायला नको. त्या बापानं चार वर्षांच्या मुलाच्या पायडलच्या गाडीला जुन्या मोपेडचं इंजिन बसवलं. पोरानं ती नेऊन दिव्याच्या खांबावर आदळली. तेव्हा त्याला गावाजवळच्या कार्टच्या ट्रॅकवर नेलं. पुढे बाप त्याच ट्रॅकची देखभाल करू लागला आणि आई तिथल्या कॅन्टीनमध्ये काम करू लागली. पोरगा दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या भागांच्या गाडीवर शर्यती जिंकला. तो मायकेल शूमाकर. पुढे सात वेळा जगज्जेता झाला.

दुसरं घर इंग्लंडमधलं. लुइस हॅमिल्टनच्या बापानं मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या केल्या. तोही सात वेळा जगज्जेता झाला. तिसरं घर फ्रान्सचं. एस्तेबान ओकॉनच्या आईबापानं राहतं घर विकलं आणि चाकांवरच्या घरात, कॅराव्हॅनमध्ये राहून मुलाला शर्यतींना नेलं. तोही फॉर्म्युला वनपर्यंत पोचला.

ऐकायला हे छान वाटतं. पण आपण बायका आहोत, पहिला विचार हाच येतो की ज्यांनी घर विकलं आणि मुलगा पोचला नाही, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? ती कुणी लिहून ठेवली नाहीत. हे मनात ठेवूनच पुढची गोष्ट ऐका.

आपल्या देशात या खेळाचं घर म्हणजे तामिळनाडू. चेन्नईजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची विमानाची धावपट्टी होती. युद्ध संपल्यावर पुढे तिथे गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. मग चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला खास ट्रॅक बांधले गेले. जिथे ट्रॅक होता, तिथली मुलं पुढे गेली. तामिळनाडूचा नारायण कार्तिकेयन 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शर्यतीत टायरच्या भांडणामुळे फक्त सहा गाड्या धावल्या, त्यात तो चौथा आला. चेन्नईचाच करुण चंडोक 2010 मध्ये तिथे पोचला. 30 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडामध्ये भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ती तीनच वर्षं चालली, 2013 नंतर बंद पडली.

त्याच ऑक्टोबर महिन्यात मुंबईचा जेहान तेरा वर्षांचा झाला होता. त्याचा जन्म 1 ऑक्टोबर 1998 चा. घर पारशी, वडील मोठे उद्योजक. मुंबईत मोठा ट्रॅक नाही, पण हौशी लोकांसाठी कार्टचे छोटे ट्रॅक होते. 2011 च्या सुमारास तो कार्ट चालवू लागला. म्हणजे जगाच्या हिशेबानं चार-पाच वर्षं उशिराच. रायोमंड बनाजी हे स्वतः कार्टिंगमधले विजेते, त्यांच्याकडे तो शिकला.

त्याच वर्षी सहारा फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघानं देशभर मुलांची निवड चाचणी घेतली. तिचं नावच होतं 'अब्जातून एक' अशा अर्थाचं. शेवटी तिघे निवडले गेले. अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान. निवडलेल्यांना युरोपात जाऊन शिकायची संधी होती. कार्टिंगची खरी शाळा तिकडेच आहे. तिथे दर आठवड्याला कुठे ना कुठे शर्यत असते, आणि समोर पाच वर्षांचे असल्यापासून शिकणारी पोरं असतात. अशा पोरांमध्ये 2013 साली, पंधरा वर्षांचा होता होता, जेहाननं इंग्लंडची लहान गटातली राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा जिंकली.

इथून पुढे शिडी सुरू होते. कार्टनंतर छोटी फॉर्म्युला गाडी, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, आणि सगळ्यात वर फॉर्म्युला वन. जसा वर्ग वर जातो तशी गाडीची ताकद आणि खर्च वाढत जातो. 2017 मध्ये तो युरोपच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये होता आणि जर्मनीत नोरिसरिंगला शर्यत जिंकला. 2019 मध्ये जागतिक फॉर्म्युला थ्रीमध्ये दोन शर्यती जिंकून वर्षाअखेर तिसरा आला. 2020 मध्ये रेड बुल या मोठ्या संघानं त्याला आपल्या शिकाऊ मुलांमध्ये घेतलं, आणि तो फॉर्म्युला टूमध्ये गेला.

गाडीत बसून स्टिअरिंग फिरवायला अंगमेहनत कसली, असं वाटेल. आपण डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढतो, म्हणून आपल्याला मानेचं काम काय असतं ते कळतं. या गाड्या ब्रेक मारतात किंवा वळतात तेव्हा डोकं जोरात एका बाजूला ओढलं जातं. वजन चार-पाच पट झाल्यासारखं वाटतं. माणसाचं डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरा. म्हणजे पंचवीस-तीस किलो. भरलेले दोन हंडे, पण डोक्यावर सरळ नाहीत, बाजूनं ओढणारे. आणि हे प्रत्येक वळणाला, तासभर. उन्हाळ्याच्या शर्यतीत घामानं दोन-तीन किलो वजन उतरतं. म्हणून ही मुलं मानेचा व्यायाम रोज करतात, आणि खाण्यापिण्याचा, झोपेचा हिशेब ठेवतात.

आता त्या दिवसाची गोष्ट. 6 डिसेंबर 2020, बहरीनमधला साखीर ट्रॅक. फॉर्म्युला टूची त्या वर्षातली शेवटची शर्यत. सुरुवातीला जेहान, इंग्लंडचा डॅन टिक्टम आणि मिक शूमाकर यांच्यात चुरस लागली. मिक म्हणजे त्या गवंड्याचा नातू, मायकेलचा मुलगा. वर्षाचं विजेतेपद मिकच्या हाताशी आलं होतं. जोरात ब्रेक मारताना मिकचे टायर घासले आणि तो मागे पडत गेला. जेहाननं टायर जपले, पुढे गेला, आणि पहिला आला. वर्षाचे गुण मोजून विजेतेपद मिकलाच मिळालं, पण त्या दिवशी वाजलं ते आपलं राष्ट्रगीत. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा जेहान हा पहिला भारतीय ठरला. पुढे 2021 आणि 2022 मध्ये इटलीत मोंझालाही तो जिंकला.

टायर जपणं ही साधी गोष्ट वाटेल. पण जो फक्त वेगात जातो, त्याचे टायर अर्ध्या शर्यतीत संपतात. कुठे सोडायचं हे ज्याला कळतं तो शेवटपर्यंत टिकतो. घाटात मोटारसायकल पळवणाऱ्या पोरांना आपण हेच सांगायला हवं. जगातले सगळ्यात वेगवान लोक ब्रेकचा अभ्यास करतात.

आता पुढचं. जेहान फॉर्म्युला वनमध्ये पोचला का? 2022 मध्ये मॅक्लारेन संघानं त्याला इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला आपली फॉर्म्युला वनची गाडी सरावासाठी चालवायला दिली. पण शर्यतीत जागा मिळाली नाही. तिथे बसायला परवाना लागतो, त्याला सुपर लायसन म्हणतात. खालच्या शर्यतींमध्ये तीन वर्षांत चाळीस गुण जमले तरच तो मिळतो. फॉर्म्युला टूमध्ये वर्षाअखेर पहिल्या तिघांत आलं तर चाळीस गुण एकदम मिळतात. जेहान 2021 ला सातवा आला, 2022 लाही सातवा. आणि वर जागा किती? 2025 पर्यंत दहा संघ, प्रत्येकी दोन गाड्या. साऱ्या जगासाठी वीस खुर्च्या. 2024 मध्ये तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या जागतिक मालिकेत, फॉर्म्युला ईमध्ये, मसेराटी संघाकडून एक हंगाम धावला. ती मालिकासुद्धा जागतिक दर्जाची आहे. पुढच्या हंगामात ती जागा त्याच्याकडे राहिली नाही.

म्हणजे ज्याच्या घरी पैसा होता, ज्याला तेराव्या वर्षी मोठ्या संघानं निवडलं, ज्यानं दहा वर्षं घरापासून लांब राहून मेहनत केली, त्यालाही वरची शेवटची पायरी मिळाली नाही. आम्ही याला हार म्हणत नाही. पण खोटं गोड बोलायचं नाही, म्हणून सांगतो. हा खेळ फार महाग आहे. वरच्या वर्गात एका हंगामाचा खर्च कित्येक कोटींत जातो.

आता तुम्ही विचाराल, यात बायका कुठे आहेत? आम्हीही तेच शोधलं.

फॉर्म्युला वनची मालिका 1950 साली सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्यक्ष शर्यतीत धावलेल्या बाया किती? दोन. दोघीही इटलीच्या. पहिली मारिया तेरेसा दे फिलिप्पिस, 1958 मध्ये. दुसरी लेला लोम्बार्डी.

लेलाचा जन्म 1941 चा, एका छोट्या गावातला. बाप खाटीक. दुकानातलं मटण गिऱ्हाइकांना पोचवायला गाडी लागायची, ती लेला चालवायची. तिथेच तिचा हात बसला. मग पैसे जमवून तिनं शर्यतीची गाडी घेतली. 27 एप्रिल 1975 ला स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या मोंजुईक बागेतल्या रस्त्यांवर शर्यत होती. कडेचे लोखंडी कठडे नीट बसवले नव्हते, बोल्ट सैल होते. चालकांनी आधीच तक्रार केली होती, धावायला नकार दिला होता. तरी शर्यत झाली. एक गाडी उडून कठड्यापलीकडे गेली आणि माणसं मेली. शर्यत मध्येच थांबवली. तेव्हा लेला सहाव्या जागेवर होती. सहाव्या जागेला एक गुण असायचा, पण शर्यत अर्धवट राहिली म्हणून सगळ्यांचे गुण अर्धे केले. लेलाला मिळाला अर्धा गुण.

फॉर्म्युला वनच्या सगळ्या इतिहासात बाईच्या नावावर जमा झालेला गुण एवढाच आहे. अर्धा. लेला 1992 मध्ये वारली. 1976 मध्ये ती शेवटची धावली, त्यानंतर एकही बाई त्या शर्यतीत उतरलेली नाही.

का? मान कमजोर असते म्हणून? हंडे वाहणाऱ्यांना कुणी ते सांगू नये. कारण खालच्या पायरीवर आहे. कार्टच्या ट्रॅकवर सात वर्षांची शंभर पोरं येतात, तेव्हा त्यात मुली बोटावर मोजण्याएवढ्या असतात. शंभरातून एकच वर पोचणार असेल, तर त्या चार-पाच मुलींमधून कोण पोचणार? आता हे खेळ चालवणाऱ्यांच्याही लक्षात आलं. 2023 पासून 'एफ वन अकॅडमी' नावाची फक्त मुलींची मालिका सुरू झाली आहे. कार्टिंगमध्ये येणाऱ्या लहान मुलींनाही मदत देण्यावर तिचा भर आहे. आपल्या देशातही बेंगळुरूची ऐश्वर्या पिसे 2019 मध्ये वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटात पहिली आली. मोटारस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय, आणि ती बाई आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. मोखाड्याहून तोरंगण घाट चढून त्र्यंबककडे गेलं की हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत तुम्हाला माहीत आहे. आपल्यासारखंच आदिवासी घर, आपल्यासारखंच पाणी आणायला लांब जाणं, अनवाणी धावणं. नाशिकला तिला प्रशिक्षक मिळाले. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिनं कांस्यपदक मिळवलं, त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 मध्ये ती ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली.

कविता आणि जेहान दोघंही शर्यतीतलेच. वय, मेहनत, घरापासून लांब राहणं, दोघांनाही चुकलं नाही. फरक आहे तो पहिल्या पायरीत. धावण्याची पहिली पायरी म्हणजे रस्ता आणि दोन पाय. ती सावरपाड्यात होती. गाडीच्या शर्यतीची पहिली पायरी म्हणजे ट्रॅक, गाडी, टायर, पेट्रोल. ती आपल्या दोन्ही तालुक्यांत नाही. आपल्या मुलींमध्ये वेग नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा. जिथे पायरी होती, तिथे आपली मुलगी चढली.

आम्ही काही उद्या जव्हारला कार्टचा ट्रॅक मागायला जाणार नाही. आधी पाणी, आधी दवाखाना, हे आम्हालाही कळतं. पण गाडीची एक पायरी आपल्याकडेही आहे आणि तिच्यावर आपण मुलींना येऊ देत नाही. घरात मोटारसायकल आली की ती मुलाची. भावाला कुणीही शिकवतं, बहिणीनं हात लावला तर "पडशील" म्हणतात. रात्री बाळंतपणाला बाई अडली तर जीपवाला शोधत फिरतो. गटाचा माल बाजारात न्यायचा तर टेम्पोवाल्याच्या वेळेनं चालतो. लेला काही शर्यतीसाठी गाडी शिकली नव्हती. बापाचं मटण पोचवायला शिकली होती.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा. आपल्या गटात गाडी चालवता येणाऱ्या किती? लायसन किती जणींकडे? अठरा पूर्ण झालेल्या मुलींना शिकवायचं तर कोण शिकवेल, कुठल्या मैदानात, खर्च गटाच्या पैशातून किती देता येईल? अठराच्या आतल्यांना रस्त्यावर गाडी देऊ नका, मग तो मुलगा असला तरी. आणि हेल्मेट आधी, किल्ली नंतर.

त्या दिवशी बैठकीत बोललेल्या आठवीतल्या मुलीला आम्ही हे सगळं सांगितलं. लेलाच्या अर्ध्या गुणाशी ती थांबली. म्हणाली, "उरलेला अर्धा कोण आणणार?" मावशी म्हणाली, "आधी अठरा पूर्ण कर, मग बघू." ती हसली, पण मावशी यावेळी कपाळाला हात लावून बोलली नाही.

भेटू पुढच्या वेळी. जोहार.